लाल मुठीची पक्कड

सुट्टीच्या दिवशी सकाळी त्या घरातलं जेवणाचं टेबल जेवायला मिळत नसे. चहाचे कप उचलले गेले की मापाडी टेबल आधी ओल्या फडक्यानं पुसत, मग कोरड्या, मग त्यावर जुन्या चादरीचा पांढरा तुकडा अंथरत आणि आतल्या खोलीतल्या कपाटाचा एक खण तान्ह्या मुलाला आणावं तसा दोन्ही हातांवर घेऊन येत. बायको स्वयंपाकघराच्या दारातून विचारून घेई, की आज मंडळी जेवणार कुठे. मंडळी म्हणजे ती दोघंच. मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या शहरात होती. "आज पकडी आहेत," एवढं उत्तर मिळे. मग ताटं ओट्यावर लागत आणि दोघं उभ्या उभ्या जेवत, गाडी सुटायच्या आत उरकणाऱ्या प्रवाशांसारखी.

मापाडी हे काही त्यांचं नाव नव्हे. वजनमापे खात्यात ते तपासनीस होते, निवृत्तीला टेकलेले. दुकानादुकानांतून जाऊन काटे तपासायचे, खोटी वजनं उचलून आणायची, हे काम. शेजारच्या मुख्याध्यापिकाबाईंनी त्यांना कधीतरी चिडून मापाडी म्हटलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. त्यांना त्याचं वाईट वाटत नसे. नाव आईबापांनी न विचारता ठेवलेलं असतं, टोपणनाव निदान बघून ठेवतात, असं ते म्हणत.

हत्यारांचं वेड लागलं ते मावसभावामुळे. तो जहाजावर इंजिनियर होता. एकदा युरोपातल्या कुठल्याशा बंदरातून येताना त्यानं एक जर्मन पक्कड आणली, लाल मुठीची. मापाड्यांनी ती हातात घेतली, मिटली आणि खिडकीच्या उजेडावर धरली. जबड्यांच्या फटीतून उजेडाची रेघसुद्धा आली नाही. जन्मभर लोकांच्या काट्यांत खोट शोधणाऱ्या माणसाला पहिल्यांदाच काहीतरी बिनखोट सापडलं होतं. त्या दिवशी ते जेवलेसुद्धा नाहीत, असं मावसभाऊ सांगतो. बायको म्हणते जेवले, व्यवस्थित जेवले, फक्त डाव्या हातातली पक्कड खाली ठेवली नाही.

मग दर फेरीला मावसभावाकडे मागणी जाऊ लागली. लाकूड तासायच्या स्वीडिश पटाश्या आल्या, स्विस स्क्रू ड्रायव्हर आले, इंग्लिश रंधा आला, फ्रेंच कानशी आल्या. जर्मन पकडीला सोबत म्हणून आणखी जर्मन पकडी आल्या, आणि जर्मनांना फार चढू नये म्हणून एक इटालियन. कपाटातले मापाड्यांचे स्वेटर खालच्या खणात गेले, तिथून पलंगाखाली गेले आणि शेवटी मावसभावाच्याच घरी गेले.

यातलं एकही हत्यार मापाड्यांनी कधी वापरलं नाही. हे ऐकून माणसं हसत, पण त्यामागे कचेरीतलं शास्त्र होतं. त्यांच्या मुख्य कचेरीत एक खोली होती. तिच्या खिडक्या कायम बंद असत आणि काचेच्या घुमटांखाली पितळेची प्रमाण वजनं ठेवलेली असत. त्यांना कुणी हातसुद्धा लावायचा नाही, उचलायचं तर मऊ कातडं लावलेल्या चिमट्यानं. तपासनिसांच्या पिशवीतली वजनं वेगळी, ती दुकानोदुकानी फिरत, झिजत, आणि ठरावीक काळानं या खोलीत येऊन आपण किती झिजलो ते बघून जात. प्रमाण वजन वापरलं की ते प्रमाण राहात नाही, हे मापाड्यांना नोकरीच्या पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. तोच नियम त्यांनी घरी आणला. बाजारातून एक साधी पक्कड आणून स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला अडकवली. ती वापरायची. कपाटातल्या फक्त तुलना करायला.

तुलना मात्र मन लावून चालायची. पक्कड उजेडावर धरायची, ही पहिली परीक्षा. पातळ कागद जबड्यात धरून ओढायचा, ही दुसरी. तिसरी सगळ्यांत अवघड: एक मूठ हातात धरून दुसरी सोडून द्यायची आणि ती आपल्या वजनानं कशी खाली येते ते बघायचं. बाकीच्या पकडींच्या मुठी अर्ध्यात अडून बसत, रुसलेल्या सुनेसारख्या. लाल मुठीची मात्र लोण्यातून सुरी जावी तशी उघडे. दरवेळी पहिला नंबर तिचाच. तो सांधा बघा, मापाडी म्हणत, कारखान्यात बनवतानाच त्यांनी त्यात जीव ओतलाय.

ऐकणारे दोघे होते. एक दंतवैद्य, ज्याचं पकडींवरचं प्रेम निदान धंद्याला धरून होतं, आणि दुसरा घड्याळजी, ज्याला स्क्रू ड्रायव्हर सोडून इतर सगळी हत्यारं राक्षसी वाटत. महिन्यातून एकदा तिघे त्या टेबलाभोवती बसत. मापाड्यांचा शब्द तिथे शेवटचा. स्वीडिश पटाशीचा एक कोपरा किंचित गोल झालाय, असं एकदा घड्याळजीनं भिंगातून बघून सांगितलं, तेव्हा मापाड्यांनी त्याला समजावलं होतं, की तो झालेला नाही, केलेला आहे. थंड देशातले सुतार लाकडाला ओरखडा जाऊ नये म्हणून कोपरा मुद्दाम गोल करतात. घड्याळजीनं मान डोलावली. दंतवैद्यानं तर त्यांचं ऐकून मावसभावाकडून तशीच लाल मुठीची पक्कड मागवून घेतली आणि आल्यावर तक्रार केली, की हिचा सांधा घट्ट आहे. मापाडी म्हणाले, तुमच्या हाताला पकडीची सवय नाही. हे त्यांनी एका दंतवैद्याला सांगितलं.

त्या दिवशी सकाळी पकडी कापडावर नंबरानं लागल्या होत्या. लाल मुठीची उजव्या टोकाला, मानाच्या जागी. मापाड्यांनी तिची मूठ सोडली, ती सुळकन खाली आली, ते स्वतःशीच हसले, आणि दारावर थाप पडली.

घंटी असताना थाप, कारण घंटी बंद होती. ती बंद पडून बरेच दिवस झाले होते. तिचं झाकण उघडायला कोणता स्क्रू ड्रायव्हर योग्य ठरेल, याचा मापाड्यांचा अभ्यास चालू होता.

दारात मुख्याध्यापिकाबाई होत्या. या बाई शाळेतून निवृत्त झाल्या होत्या, पण शाळा त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. जिन्यात भेटल्या तरी माणूस आपोआप शर्टाचं बटण लावी. आज त्यांच्या एका पायात चप्पल नव्हती. त्यांच्याकडे त्यांची नात राहायला आलेली होती, नुकतीच नीट बोलायला लागलेली, सगळे तिला चिमणी म्हणत. ही चिमणी न्हाणीघरात गेली, आतून कडी लावली आणि नळ सोडला. कडीही बाईंनीच खाली बसवून घेतलेली, कारण खांदा दुखतो, हात वर जात नाही. लावताना कडी सहज सरकते, काढताना मोठ्या माणसालाही झटका द्यावा लागतो. सुताराला फोन केला तर तो म्हणाला अर्ध्या तासात येतो, म्हणजे दुपारी. आतली फरशी शेवाळलेली, गुळगुळीत.

"भाऊ, तुमच्याकडे हत्यारं आहेत ना," बाई म्हणाल्या.

एवढ्या वर्षांत मापाड्यांना हा प्रश्न या सुरात कुणी विचारला नव्हता. हत्यारं आहेत ना, असं लोक विचारत, पण डोळे मिचकावून. त्यांची छाती नकळत पुढे आली. पुढे आलेल्या छातीनं ते स्वयंपाकघराच्या दारामागे गेले. घरातल्या कामाला घरातली पक्कड, नियम म्हणजे नियम. त्यांनी ती खिळ्यावरून काढली आणि उघडायला गेले, तर ती उघडेना. जबडे गंजून एकमेकांना असे चिकटले होते की ती पक्कड राहिली नव्हती, लोखंडाचा एक चमत्कारिक ठोकळा झाला होता. तिच्या मागच्या भिंतीवर तिच्याच आकाराचा गंजाचा डाग होता. म्हणजे ती कित्येक वर्षांत तिथून हललीच नव्हती. मग या घरात एवढी वर्षं नळ कुणी आवळले, हा प्रश्न मापाड्यांच्या डोक्यात आला, पण त्याला बसायला सांगायलाही वेळ नव्हता.

"तिच्यात काही राम नाही," बायको मागून म्हणाली. "लाल मुठीची घ्या."

लाल मुठीची म्हणजे काचेच्या घुमटाखालचं प्रमाण वजन. मापाडी टेबलापाशी गेले. हात लाल मुठीकडे गेला, थांबला, तिच्या शेजारच्या निळ्या मुठीकडे वळला. निळीचे जबडे लांब, पण धरायला दाते बारीक. इटालियन मजबूत, पण आखूड. कडी आतून अडकली असेल तर लांब जबडा बरा, पण कडीला बाहेरून धरणार कुठे, म्हणजे आधी प्रश्न नीट मांडायला हवा. त्यांनी दोन्ही पकडी उजेडावर धरल्या.

"भाऊ, ही वार्षिक परीक्षा नाही," मुख्याध्यापिकाबाई दारातून म्हणाल्या.

बायकोनं कोपऱ्यातली हातोडी उचलली, कापडावरून लाल मुठीची पक्कड उचलली, कपाटाशी जाऊन एक लांब स्विस स्क्रू ड्रायव्हर आणि ती गोल कोपऱ्याची स्वीडिश पटाशी उचलली, सगळं एका फडक्यात गुंडाळलं आणि मापाड्यांच्या शेजारून चालू पडली. ते तिच्या मागे धावले. जाता जाता त्यांच्या मनात आलं, की हिला कपाटात कुठला खण कुठे आहे ते दिवा न लावता कसं कळलं.

बाईंच्या घरातला बोळ अरुंद होता. एका बाजूला पुस्तकांचं कपाट, दुसऱ्या बाजूला इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग, टोकाला न्हाणीघराचं हिरवं दार. आतून नळाचा आवाज येत होता आणि त्यावर चिमणीचं गाणं. बाईंनी हाक मारली, कडी मागे ओढ म्हणून सांगितलं. चिमणीनं सांगितलं की ती कामात आहे. मापाड्यांनी हाक मारली, तेव्हा तिनं त्यांनाही आत यायचं आमंत्रण दिलं.

दाराला बाहेरून ना कडी ना भोक. बाई म्हणाल्या लाथ मारा. मापाड्यांनी दाराकडे बघितलं, आपल्या पायाकडे बघितलं, आणि दोन्ही बाजूंचा विचार करता लाथेचा विचार सोडला. शिवाय दार मोडलं तर आतल्या अंगाला पोर होती. मग त्यांची नजर, जी दुकानात शिरल्याबरोबर काटा ज्यावर डोलतो त्या खिळ्याकडे जायची, आपोआप दाराच्या दुसऱ्या कडेला गेली. दार बोळात उघडणारं होतं. म्हणजे बिजागऱ्या बाहेर होत्या. वर एक, खाली एक, आणि प्रत्येकीतून जाणारी एक सळई, तिचं बारीक डोकं हिरव्या रंगाखाली झाकलेलं. दोन्ही सळया निघाल्या की दार कडीच्या बाजूनं नाही, या बाजूनं उघडणार.

हे त्यांनी मोठ्यानं सांगितलं आणि बायकोनं लगेच लाल मुठीची पक्कड त्यांच्या हातात ठेवली. मापाड्यांनी खालच्या सळईचं डोकं जबड्यात धरलं. लाल मुठीच्या पकडीनं कधी कागदाखेरीज काही धरलं नव्हतं, निदान त्यांना तसं वाटत होतं, आणि तिनं सळई अशी धरली जशी रोजच धरते. त्यांनी ओढलं. सळई हलली नाही.

"सरळ ओढू नका, डावीकडे पिळा आधी," बायको म्हणाली. "ही पक्कड डावीकडे जास्त जोर घेते."

"तुला काय माहीत?"

"ते मग सांगते."

त्यांनी डावीकडे पिळलं. रंगाचा पापुद्रा तडकला, सळई नखभर वर आली आणि रुतून बसली. आता तिला खालून ठोकायला हवं होतं, काहीतरी बारीक आणि टणक लावून. बायकोनं स्विस स्क्रू ड्रायव्हर पुढे केला आणि दुसऱ्या हातात हातोडी.

मापाड्यांनी हात मागे घेतला. स्क्रू ड्रायव्हरवर हातोडी मारणाऱ्या माणसाशी आपण बोलतसुद्धा नाही, असं ते दर महिन्याला त्या टेबलावर सांगत. एकदा एका पाहुण्यानं गप्पांत सहज कबूल केलं, की घरी तो छिन्नीचं काम स्क्रू ड्रायव्हरनंच उरकतो, तेव्हा मापाड्यांनी त्याला दुसरा चहा विचारला नव्हता. तोंडातून सवयीनं शब्द निघालेच, की स्क्रू ड्रायव्हरचं पोलाद पिळायला असतं, ठोकायला नसतं, टोकाला एकदा खाच पडली की…

आत काहीतरी दाणकन पडलं. गाणं थांबलं.

बाईंनी हाक मारली. उत्तर आलं नाही. पुन्हा मारली. नळाचा आवाज तेवढा येत होता. आयुष्यभर शेकडो पोरांना एका शब्दात गप्प करणाऱ्या बाई, एक पोर गप्प झालं म्हणून, इस्त्रीच्या कपड्यांच्या ढिगावर मटकन बसल्या.

मापाडी गुडघ्यांवर बसले, स्विस स्क्रू ड्रायव्हरचं टोक बिजागरीच्या बुडाला लावलं आणि त्याच्या डोक्यावर हातोडी घातली. पहिला घाव अंगठ्यावर बसला. दुसरा स्क्रू ड्रायव्हरवर. तिसऱ्याला मुठीची एक कपची उडाली. चौथ्याला टोकाचा कोपरा मोडला, हे त्यांना हातातच कळलं, दात तुटल्यासारखं. सळई वर आली, पकडीनं ओढली, खालची निघाली. वरचीला स्टुलावर चढून तेच. मग दार आणि चौकटीच्या फटीत स्वीडिश पटाशी घातली आणि तिच्या अंगावर सगळा भार टाकला, जे करणाऱ्या माणसाशीही ते बोलत नसत. दार कण्हलं, बिजागरीच्या बाजूनं सुटलं आणि मापाड्यांच्या अंगावर आलं. बायकोनं ते वरच्या वर धरलं नसतं, तर त्यांना बाहेर काढायला पुन्हा हत्यारं लागली असती.

आत पाण्याचं तळं झालं होतं. बादली आडवी पडली होती. कोपऱ्यात, डोक्यावर तांब्या घालून, भिंतीकडे तोंड करून चिमणी उभी होती.

"बादली मी नाही पाडली," ती भिंतीला म्हणाली.

बाईंनी तिला तशीच ओली उचलली. मग त्यांच्या लक्षात आलं, की आपण रडतोय आणि लोक बघतायत, तेव्हा त्यांनी मापाड्यांना सांगितलं की अंगठा थंड पाण्यात धरा, आणि दार आज नीट टेकवून ठेवा, कुणावर पडायला नको. मापाड्यांनी दोन्ही गोष्टी केल्या. बाईंनी आभार मानले नाहीत. जाताना फक्त म्हणाल्या, भाऊ, आलं बरं का तुमचं शिक्षण उपयोगी. मापाडी घरी येईपर्यंत हे वाक्य मनात उलटसुलट करून बघत होते, त्यात खोट कुठे आहे ते सापडत नव्हतं.

घरी पांढऱ्या कापडावर त्यांनी तिन्ही हत्यारं ठेवली. स्क्रू ड्रायव्हरचं टोक मोडलेलं, मुठीची कपची उडालेली. पटाशीच्या धारेला खाच. लाल मुठीच्या पकडीला मात्र काही झालं नव्हतं. हिरव्या रंगाचे दोन कण दात्यांत अडकले होते, एवढंच. बायकोनं शिवणाच्या मशिनशेजारची तेलाची छोटी बाटली आणली, फडक्यानं पकडीचे दाते पुसले, सांध्यावर एक थेंब सोडला, मुठीची दोनदा उघडझाप केली आणि पक्कड कापडावर उजव्या टोकाला, मानाच्या जागी ठेवली. हे सगळं तिनं न बघता केलं, जशी माणसं स्वतःची वेणी घालतात.

मापाडी ते बघत राहिले. काट्याचं पारडं तीळभर कललं तरी दुकानदाराला उभा करणारे मापाडी.

"किती दिवस?" त्यांनी विचारलं.

बायको खुर्ची ओढून बसली आणि तिनं सांगून टाकलं. बाजारातली पक्कड पहिल्याच पावसाळ्यात गंजली. तुम्हाला सांगितलं असतं, तर नवी घेण्याआधी तुम्ही शहरातल्या सगळ्या पकडी उजेडावर धरून बघितल्या असत्या, आणि तोवर नळ गळत राहिला असता. म्हणून तिनं लाल मुठीची घेतली. तेव्हापासून कुकरच्या मुठीचा स्क्रू त्या पकडीनंच आवळला जातो, अडकलेली चेन तिनंच ओढली जाते, जाड कापडात रुतलेली सुई तिनंच निघते. नळाची चकती तिनंच बसते. काम झालं की पुसायची, तेलाचा थेंब द्यायची आणि जशी होती तशी ठेवायची. एकदा घाईत दुसऱ्या जागी ठेवली गेली, तर तुम्ही महिनाभर म्हणत होतात, की आपण नंबर कधी बदलला ते आठवत नाही, वय झालं.

मग पटाशी, मापाड्यांनी विचारलं. पटाशीनं ती डब्यांची घट्ट झाकणं उघडते. कोपरा त्यातच गोल झाला असेल.

थंड देशातले सुतार मापाड्यांच्या डोळ्यांसमोरून एकेक करून निघून गेले. त्यांनी निळ्या मुठीची पक्कड उचलली. ही? ही जड पडते, मी नाही घेत. इटालियन? तिची पकड माझ्या हाताला मोठी होते. आणि दोन्हींचे सांधे घट्ट होते, अडून बसणारे. म्हणजे इतकी वर्षं आपण जर्मनी, स्वीडन आणि इटली यांची तुलना करत नव्हतो. आपण बायकोच्या कामाची तपासणी करत होतो, आणि दर महिन्याला तिला पहिला नंबर देऊन तो परदेशात पाठवत होतो. काखेत कळसा आणि मावसभावाच्या जहाजातून जगाला वळसा. दुसऱ्या कुणाचा काटा असा निघाला असता, तर त्यांनी दुकानाला टाळं ठोकलं असतं.

आधी त्यांना रागावायचं होतं. प्रमाण वजनाला हात लावला, एवढा मोठा गुन्हा होता. त्यांनी तोंड उघडलं आणि त्यांना तो दुसऱ्या चहाला मुकलेला पाहुणा आठवला. मग डोक्यावर तांब्या घातलेली चिमणी आठवली. मग हसू आलं, आणि आलं ते थांबेना. बायकोला वाटलं अंगठा दुखतोय.

त्यांनी दंतवैद्याला फोन लावला. कुणाला चुकीचं माप दिलं असेल तर ते आपणहून सांगायचं, ही तरी खात्याची शिकवण पाळायलाच हवी होती. तुमच्या पकडीचा सांधा घट्ट आहे कारण ती नवी आहे, त्यांनी सांगितलं, आणि आमच्या पकडीचा सैल आहे कारण ती आमची सौभाग्यवती रोज वापरते. मग दंतवैद्यानं विचारलं, की वहिनी माझीही थोडे दिवस वापरून देतील का. मापाडी म्हणाले विचारून सांगतो, आणि फोन ठेवला. घड्याळजीला पटाशीचं उद्या सांगू असं त्यांनी ठरवलं. सगळी अब्रू एकाच दिवशी घालवू नये, थोडी हाताशी असावी.

बायको एव्हाना उठली होती. कापडावरचा मोडका स्क्रू ड्रायव्हर तिनं हातात घेऊन बघितला. तिच्या मते टोकाची एक बाजू अजून शाबूत होती, आणि आता हा काही घुमटाखाली जाणार नाही, तेव्हा याला कामाला लावायला हरकत नाही. ती दरवाज्याकडे निघाली. दार उघडून तिनं बंद पडलेल्या घंटीकडे मान वर करून बघितलं आणि स्टूल ओढून घेतलं.

मापाडी टेबलाशी बसून तिच्याकडे बघत होते. अंगठा सुजून लाल झाला होता, पकडीच्या मुठीइतका. मघाशी बाईंच्या घरी, ठोकताना, एक क्षण असा आला होता की कोणतं हत्यार हातात आहे हेच त्यांना माहीत नव्हतं, आणि तो क्षण त्यांना आता राहून राहून आठवत होता. दर महिन्याच्या टेबलावर कधी आलं नव्हतं असं काहीतरी होतं त्यात. या घरातला प्रत्येक नळ, प्रत्येक स्क्रू, प्रत्येक झाकण त्यांच्या पाठीमागे त्यांच्याच हत्यारांनी नीट होत आलं होतं, आणि त्यातल्या एकाही कामाला त्यांचा हात लागलेला नव्हता.

ते उठले, दरवाज्यापाशी गेले आणि स्टूल धरलं. बायको म्हणाली धरायची गरज नाही, मी रोज चढते.

"ते झालं गं," मापाडी म्हणाले. "पण एवढी घंटी मला नीट करू दे."